वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तिका: कोणती पानं वापरावीत, कोणती सोडावीत

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा आणि एप्रिलचा शेवट. या दोन वेळांना शालेय साहित्याच्या दुकानात एक पातळशी पुस्तिका गल्ल्याजवळ पुढे काढून ठेवलेली असते, विषयवार वर्णनात्मक नोंदींची, म्हणजे प्रगतिपत्रकावर मुलाबद्दल लिहायच्या तयार वाक्यांची. हीच वाक्यं पीडीएफ होऊन शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, एक्सेलच्या निकालपत्रकात ड्रॉपडाउन होऊन बसतात, आणि त्यातली सगळ्यांत छोटी, 'छान' किंवा 'सुधारणा हवी' अशी, रबरी शिक्क्यांवर येतात. दोन-चार पुस्तिका शेजारी ठेवून पाहिल्या तर वाक्यं जवळपास तीच निघतात. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या प्रकाशनाचं नसून या सगळ्या मालाचं आहे. ही वाक्यं प्रगतिपत्रकावर उतरली की मुलाच्या मनात काय होतं, या एकाच कसोटीवर ती इथे तपासली आहेत.

मत आधीच सांगून टाकू. वर्गात काय काय बघायचं याची यादी म्हणून पुस्तिका कामाची आहे, आणि नव्या शिक्षकाला तर नक्कीच. तिच्यातून वाक्यं जशीच्या तशी उतरवू नयेत. 'सुधारणा आवश्यक' हा रकाना भरताना तर ती बाजूलाच ठेवावी.

ती विकत का घेतली जाते हे समजून घेतल्याशिवाय तिला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपत्रकावरून गुण गेले, श्रेणी आल्या, आणि श्रेणीच्या जोडीला नोंदी आल्या. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक (सत्रभर वर्गातल्या कामाचे) आणि ३० संकलित (सत्राअखेरच्या चाचणीचे), तिसरी-चौथीला ६० आणि ४०, असा भार ठरला. आकारिकची आठ साधनं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि 'इतर'मध्ये येणारं गटकार्य वगैरे. आता चौथीचा ३० मुलांचा वर्ग धरा. आठ विषय, दोन सत्रं. प्रत्येक विषयाला एकच नोंद केली तरी ४८० नोंदी होतात. विचार करून एक लिहायला दोन मिनिटं धरली तर १६ तास लागतात. त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. सोळा तास आणायचे कुठून? पुस्तिका हे सोळा तास तीनवर आणते. तिची खरी किंमत ती आहे.

पण याच मूल्यमापनाचा पाया असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ बघा. मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणं आणि त्याच्या समजेचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करणं, या दोन गोष्टी तिथे एकापाठोपाठच्या उपकलमांत आहेत. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. म्हणजे नोंद आणि भयमुक्ती ही दोन खाती वेगळी नाहीत. भीती दाखवणारी नोंद ही मूल्यमापनातलीच चूक आहे.

पुस्तिकेची मांडणी साधारण अशी असते. आधी विषयवार नोंदी, मग प्रगतिपत्रकाच्या रकान्यांप्रमाणे 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक', आणि शेवटी व्यक्तिमत्त्व गुणविशेष. काही पुस्तिका सरळ 'प्रगतीच्या नोंदी' आणि 'अडथळ्याच्या नोंदी' असे दोन भाग करतात.

विषयवार भाग सगळ्यांत चांगला. 'ऐकलेल्या गोष्टीतील प्रसंग क्रमाने सांगतो', 'नकाशातील दिशा अचूक ओळखते', 'जोडाक्षरयुक्त शब्द वाचताना अडखळतो'. या वाक्यांत मूल काहीतरी करताना दिसतं, आणि काय करताना दिसतं तेही कळतं. अडखळणं लिहिलं असलं तरी तिसरं वाक्य दुखावत नाही, कारण अडचण जोडाक्षरात आहे, मुलात नाही. त्यात तुम्ही फक्त एक कण भरायचा आहे: 'रफार असलेले शब्द, जसे सूर्य, पर्वत, तोडून वाचतो, बाकीची जोडाक्षरे सलग वाचतो.' एवढ्याने पालकाला आज संध्याकाळी काय करायचं ते कळतं आणि मुलाला आपल्याला बरंच येतं हे कळतं.

गडबड सुरू होते ती व्यक्तिमत्त्वाच्या आणि अडथळ्याच्या पानांवर. 'चंचल आहे.' 'अबोल आहे.' 'आळशी आहे.' 'गणितात कच्चा आहे.' 'आत्मविश्वास कमी आहे.' क्रियापद गेलं आणि नुसतं 'आहे' उरलं. मराठीत 'आहे' फार पक्कं असतं. 'अडखळतो' हे उद्या थांबू शकतं. 'कच्चा आहे' हे नावासारखं चिकटतं. वर्गात एखाद्याला 'ढ' म्हणण्याची खोड याच जातीची. ब्राह्मीपासून या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. खरी असो वा नसो, त्या शिवीचा अर्थ मात्र बरोबर पकडते: तू आहेस तसाच राहणार. पुस्तिकेतलं 'गणितात कच्चा आहे' हे त्याच शब्दाचं इस्त्री केलेलं रूप आहे.

एकच नोंद जवळून बघू. चौथीतली मुलगी ४०२ − १७८ हे उदाहरण करते आणि उत्तर ३७६ लिहिते. पुस्तिका उघडली तर दोन वाक्यं तयार मिळतात: 'गणितातील मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक' आणि 'वजाबाकी करताना चुका करते'. दोन्ही खोटी नाहीत. पण ३७६ आलं कसं? एककात २ मधून ८ जाईनात, म्हणून तिने ८ मधून २ वजा केले, ६. दशकात ० मधून ७ जाईनात, म्हणून ७ मधून ०, ७. शतकात ४ मधून १, ३. म्हणजे मुलीला वजाबाकीची तथ्यं पाठ आहेत, स्थानं नीट मांडता येतात, प्रत्येक घरात तिने एकच नियम न चुकता लावला आहे: मोठ्यातून लहान वजा. तिचा घोटाळा एका जागी आहे. वरचा अंक लहान असला की शेजारचं घर सुटं करावं लागतं, आणि इथे दशकात शून्य असल्याने आधी शतक सुटं करावं लागतं, हे तिला अजून दिसलेलं नाही. तेव्हा नोंद अशी होऊ शकते:

'हातच्याशिवायची वजाबाकी बिनचूक करते. वरचा अंक लहान असला की अजून उलट वजा करते (४०२ − १७८). काड्यांचे गठ्ठे दिल्यावर शतक सुटे करून बरोबर उत्तर काढते. पुढे: मधे शून्य असलेली उदाहरणे, आधी गठ्ठ्यांनी, मग वहीत.'

तिसरं वाक्य अर्थात गठ्ठे देऊन बघितल्यावरच लिहायचं. नोंद लिहिण्याआधीची ती पाच मिनिटं हीच खरी शिकवणी असते, आणि पुस्तिका नेमकी तीच वगळते. 'मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक' वाचून घरी काय होतं? बेरीज-वजाबाकीची पन्नास उदाहरणं. मुलगी पन्नास वेळा तोच उलटा नियम लावते, पन्नास वेळा चुकते, आणि मे महिन्यात तिला खात्री पटते की गणित आपल्या नशिबात नाही. मोघम नोंद मुलाला दुखावते ती अशी, हळूहळू. तिच्यात कठोर शब्द एकही नसतो.

भाषेच्या तीन बारीक गोष्टी तयार वाक्यांत जवळपास सगळीकडे चुकतात. पहिली 'नाही' आणि 'अजून नाही'. 'परिच्छेदाचा सारांश सांगता येत नाही' यात दार बंद आहे, 'अजून जमलेला नाही' यात उघडं. एका शब्दाचं काम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे 'पण'. 'वाचन चांगले आहे, पण अक्षर खराब आहे' या वाक्यातलं घरी फक्त 'पण'च्या पुढचं पोचतं, मुलाच्या मनातही तेवढंच राहतं. दोन वाक्यं वेगळी करा, पूर्णविराम द्या, दोन्ही पोचतात. तिसरी 'करावा', 'द्यावे'. 'अभ्यासात सातत्य ठेवावे', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' कुणी? मुलाने, आईने, की शिक्षकाने? कर्ता नसल्यामुळे ज्याच्या हाती कागद असतो त्याला ती आपल्यावरची तक्रार वाटते, आणि पालकाला तक्रार वाटली की तिचा राग मुलावर निघतो. 'रोज एक परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवेल. वर्गात दर शुक्रवारी मी ऐकेन' असं लिहिलं तर तिघांची कामं स्पष्ट होतात.

आता कौतुकाची पानं. ती निरुपद्रवी वाटतात म्हणून कुणी तपासत नाही. 'अतिशय हुशार विद्यार्थी', 'बुद्धिमान', 'वर्गात सर्वांत पुढे.' क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मध्यम अवघड कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस'. मग दोन्ही गटांना अवघड कोडी दिली, जी जमणार नव्हतीच. 'हुशार' म्हटलेल्या मुलांचा रस पुढे कमी झाला, ती लवकर सोडून द्यायला लागली, आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली तेव्हाही त्यांची कामगिरी घसरलेली होती. कारण समजायला अवघड नाही. जमलं म्हणून हुशार, तर न जमलं म्हणजे कोण? असं मूल चुकण्याची शक्यता असलेलं काम टाळतं. वर्गातला पहिला मुलगा फळ्याजवळ यायला का कचरतो, त्याचं एक उत्तर इथे सापडतं.

मात्र यावरून सगळीकडे 'मेहनती' लिहू नका. आपल्याकडे या शब्दाला दुसरा वास आहे. ज्याला 'ड' श्रेणी मिळाली त्याच्यापुढे 'कष्टाळू आहे' लिहिलं की चौथीतल्या मुलालाही समजतं, हे समजूत घालणं आहे. त्यापेक्षा काय केलं ते लिहा: 'निबंध दुसऱ्यांदा लिहिताना सुरुवात बदलली.' 'उत्तर चुकल्यावर पडताळा घेऊन स्वतः चूक शोधली.' अशी नोंद वाचून मूल तीच गोष्ट पुन्हा करू शकतं. हुशारी पुन्हा कशी करणार?

श्रेणी आणि नोंद एकाच कागदावर असण्याचाही तोटा आहे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त नोंद मिळालेल्या मुलांचा रस आणि काम दोन्ही सुधारलं. गुण आणि नोंद एकत्र मिळालेल्यांना नोंदीचा उपयोग झाला नाही, त्यांची गत नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. प्रगतिपत्रकाचा नमुना आपल्या हातात नाही. घटक चाचणीच्या पेपरांचं मात्र आपल्या हातात आहे. पेपर आधी नुसती नोंद लिहून परत द्या, चुका दुरुस्त करायला एक तास द्या, श्रेणी दोन दिवसांनी सांगा.

पुस्तिका करणाऱ्यांच्या बहुधा लक्षातच आलेली नाही अशी एक गोष्ट. प्रगतिपत्रक घरी कोण वाचतं? कित्येक घरांत ते मूलच वाचून दाखवतं. आई भाकऱ्या थापत असते, आजी शेजारी बसलेली असते, आणि चौथीतला मुलगा खणखणीत आवाजात वाचतो: 'आकलनक्षमता कमी आहे. अभिव्यक्ती प्रभावी नाही.' आई विचारते, म्हणजे काय रे? त्याला सांगता येत नाही. एवढंच कळतं की काहीतरी कमी आहे, आणि ते आपल्याच तोंडून सगळ्यांना सांगून झालं आहे. म्हणून नोंद त्या इयत्तेच्या मुलाला वाचून समजेल अशीच हवी. अवधान, आकलन, अभिव्यक्ती, अभिरुची हे शब्द प्रशिक्षणाच्या टिपणात राहू द्या. लिहून झालं की मोठ्याने वाचा. मुलाच्या तोंडी ते वाक्य ऐकवत नसेल तर खोडा.

आणि एक नोंद अशी आहे की जिच्यासाठी अख्खं पान फाडून टाकावं: 'प्रमाणभाषेत बोलत नाही', 'बोलीभाषेतील शब्द वापरतो', तीही अडथळ्यांच्या यादीत. नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी बोलणारं, पालघरमध्ये वारली बोलणारं, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल शाळेत मराठी शिकतं, म्हणजे ते दुसरी भाषा शिकत असतं. त्याच्या आईची भाषा 'अडथळा' म्हणून कागदावर आली की ते दोन गोष्टी शिकतं: घरचं बोलणं चूक आहे, आणि शाळेत गप्प बसणं सुरक्षित आहे. मग पुढच्या सत्रात त्याच पुस्तिकेतून 'अबोल आहे' उतरवलं जातं. अशा मुलासाठी नोंद अशी असावी: 'घरी पावरी बोलतो. गोष्ट पावरीत पूर्ण सांगतो, मराठीत तीन-चार वाक्यांत सांगू लागला आहे.'

एक्सेलची शीट घेणार असाल तर तिचे धोके वेगळे आहेत, आणि ते भावनांचेच आहेत, कारण चुकीच्या मुलाला चुकीची नोंद जाते. सगळ्यांत मोठी चूक वर्गीकरणात होते. नावांचा एकच स्तंभ निवडून अकारविल्हे लावला की नावं हलतात, नोंदी जागच्या जागी राहतात. छापल्यावर कुणाच्याही लक्षात येत नाही, लक्षात येतं ते घरी. सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडायचा, आणि नावांचा स्तंभ नोंदींच्या शेजारी दुसऱ्यांदा ठेवायचा. एका ओळीतली दोन नावं जुळली नाहीत तर लगेच दिसतं. दुसरी चूक लिंगाची. 'करतो'ची नोंद मुलीच्या ओळीत ओढली जाते. मुलीला वाटतं, सरांनी माझं वाचलंच नाही, आणि तिचं बरोबर असतं. तिसरी फॉन्टची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली शीट दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, आणि घाईत दुरुस्त करताना सगळ्यांना एकच ओळ चिकटवली जाते. विकत घेण्याआधी एक पान शाळेच्याच संगणकावर उघडून, छापून बघा.

एका वर्गातल्या मुलांची प्रगतिपत्रकं एकमेकांच्या हाती जातात हेही विसरू नका. निकालाच्या दिवशी मैदानावर मुलं कागद उघडून शेजारी धरतात. चार मैत्रिणींना अक्षर न अक्षर तेच 'शालेय उपक्रमांत आवडीने सहभागी होते' आलेलं असलं की कौतुकाचं वाक्य तिथल्या तिथे मरतं. त्यातल्या एकीने खरंच स्नेहसंमेलनाचं सगळं नेपथ्य कागद कापून केलेलं असतं.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. 'तपासले' आणि तारखेचा शिक्का घ्या, वेळ वाचतो. 'अपूर्ण'चाही चालेल, ती वस्तुस्थिती आहे. रडक्या चेहऱ्याचा शिक्का घेऊ नका. तो कामाची चूक दाखवत नाही, बाई रुसल्या आहेत एवढंच सांगतो, आणि पहिली-दुसरीतली मुलं ते पान घरी दाखवायचं टाळतात. 'छान'चा शिक्का रोज प्रत्येक पानावर बसला की महिन्याभरात मुलं तो बघतही नाहीत. लाल शाईपेक्षा हिरवी किंवा निळी बरी, आणि पातळ कागदाच्या वहीत पॅड जास्त भिजवू नका, शाई पाठीमागे उतरून मुलाचं लिहिलेलं खराब होतं.

मग ४८० नोंदींचं काय? त्या सत्राच्या शेवटी लिहायला बसूच नये. ९६ पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला तीन पानं द्या. रोज फक्त चार मुलं ठरवा आणि छोट्या सुट्टीत प्रत्येकाची एक ओळ लिहा: तारीख, काय केलं, कोणत्या मदतीने केलं. एकूण पाच मिनिटं लागतात. ३० मुलांची फेरी आठ शालेय दिवसांत पुरी होते. सत्रात सुट्ट्या वजा जाऊनही प्रत्येकाच्या दहा-अकरा ओळी जमतात. प्रत्येक विषयाला त्या पुरणार नाहीत. भाषा, गणित आणि व्यक्तिमत्त्व यांना नक्की पुरतात, आणि मुलाच्या मनाला लागतात त्या नोंदी मुख्यतः याच. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण इथे पुस्तिकेची वाक्यं घ्या, एक नेमका शब्द बदलून. दर आठवड्याला वही चाळली की आणखी एक गोष्ट दिसते: कोणाची पानं कोरी राहतात. बहुतेक वेळा ती मधल्या बाकांवरची मुलं असतात, जी ना त्रास देतात ना हात वर करतात. पुस्तिकेतून नोंदी उतरवल्या की या मुलांची पानं सगळ्यांसारखीच भरलेली दिसतात. वहीत ती कोरी दिसतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचे चार कोण ते आपोआप ठरतं.

दुकानात पुस्तिका हातात घेतलीत तर पहिलं पान बघू नका, ते सगळ्यांचं सारखंच असतं. 'सुधारणा आवश्यक'चं पान उघडा, सलग दहा वाक्यं वाचा आणि किती वाक्यं 'आहे'वर संपतात ते मोजा. तीनपेक्षा जास्त निघाली तर ती परत ठेवा आणि त्याच दुकानातून ९६ पानी वही घ्या.